एक ताफा, अनेक झेंडे : बहुराष्ट्रीय युद्धात आरमाराचा कमांडर नेमके काय करतो?

नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हौथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू केले आणि सुवेझ कालव्यातून युरोपकडे जाणारी अनेक मोठी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. या वळशामुळे प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबतो. त्याची झळ तासगाव, मिरज, खानापूर या भागांतल्या द्राक्षबागायतदारांनाही लागली, कारण तोडणी होऊन कंटेनर न्हावा शेवा बंदरातून निघाल्यानंतर द्राक्षाच्या टिकण्याला मर्यादा असते. त्याच हंगामात वर्तमानपत्रांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इटली, जर्मनी, ग्रीस आणि भारत या सर्वांच्या युद्धनौका त्या परिसरात असल्याच्या बातम्या येत होत्या. इतक्या देशांची आरमारे जवळपास असताना एका बंडखोर संघटनेचे हल्ले थांबत का नाहीत, आणि मुळात या सगळ्या जहाजांना आज्ञा कोण देतो, असे प्रश्न सांगलीतल्या वाचकाला पडले असतील तर त्यात नवल नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समजले की पहिल्याचे बरेचसे उत्तर आपोआप मिळते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

कमांडरच्या हातात किती अधिकार असतो?

एखाद्या देशाच्या स्वतःच्या ताफ्यात ॲडमिरलची आज्ञा शेवटची असते. तो जहाजाला मोहिमेवर पाठवू शकतो, परत बोलावू शकतो, कॅप्टनला पदावरून दूर करू शकतो आणि जहाजाला धोक्यात घालू शकतो. अनेक देश एकत्र येतात तेव्हा हा पूर्ण अधिकार कोणताही देश दुसऱ्याच्या अधिकाऱ्याला देत नाही. संयुक्त ताफ्याच्या कमांडरला मिळतो तो बहुधा फक्त ‘टॅक्टिकल कंट्रोल’, म्हणजे ठरलेल्या कामाच्या चौकटीत जहाजाने कुठे जायचे, कोणत्या पट्ट्यात गस्त घालायची आणि केव्हा वळायचे हे सांगण्याचा मर्यादित अधिकार. ते काम बदलण्याचा, जहाज कायमचे अडकवून ठेवण्याचा किंवा तिथल्या खलाशांना शिस्त लावण्याचा हक्क त्याला नसतो. परदेशी जहाजाचा कॅप्टन त्याचे ऐकतो, पण त्याची नोकरी, बढती आणि चौकशी या सगळ्या गोष्टी त्याच्या मायदेशाच्या हातात असतात.

सातारा जिल्ह्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायला माउलींच्या पालखी सोहळ्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. नीरा ओलांडून सोहळा लोणंद, तरडगाव, फलटण असा पुढे सरकतो तेव्हा त्यात शेकडो दिंड्या असतात. प्रत्येक दिंडीचे प्रमुख, विणेकरी, स्वयंपाक, तंबू आणि हिशेब वेगळे असतात, आणि कोणत्याही दिंडीच्या अंतर्गत कारभारात चोपदार लक्ष घालत नाहीत. तरीही समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात, त्याचा निवाडा होतो आणि मगच आरती सुरू होते. संयुक्त आरमाराच्या कमांडरची स्थिती बरीचशी या चोपदारांसारखी असते. त्याचा दंड मानला जातो, कारण सर्वांनी तो मानायचे आधीच ठरवलेले असते. आणि टाळ वाजवत राहण्याचा हक्क प्रत्येक देशाने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो.

सगळ्यांना गोळी झाडण्याची सारखीच मुभा असते का?

नसते, आणि कमांडरची खरी डोकेदुखी इथेच सुरू होते. शस्त्र केव्हा, कोणावर आणि किती प्रमाणात वापरायचे याचे लेखी नियम प्रत्येक देश आपल्या जहाजाला देतो. त्यांना ‘रूल्स ऑफ एंगेजमेंट’ म्हणतात. स्वसंरक्षणाची मुभा सर्वांनाच असते. पण शेजारच्या दुसऱ्या देशाच्या जहाजावर क्षेपणास्त्र येत असेल तर ते पाडायचे का, किनाऱ्यावरच्या तळावर हल्ला करायचा का, संशयित जहाजावर सैनिक उतरवायचे का, या प्रश्नांची उत्तरे देशागणिक बदलतात.

तांबड्या समुद्रात हे स्पष्ट दिसले. १८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने ‘ऑपरेशन प्रॉस्पेरिटी गार्डियन’ जाहीर केले आणि सहभागी देशांची यादीही दिली. काही दिवसांतच यादीतल्या फ्रान्स आणि इटलीने आपल्या युद्धनौका आपल्याच हुकमाखाली राहतील असे स्पष्ट केले, तर स्पेनने सहभागच नाकारला. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने येमेनमधल्या तळांवर बॉम्बहल्ले सुरू केले. फेब्रुवारीत युरोपीय संघाने ‘ॲस्पिडेस’ नावाची वेगळी मोहीम काढली. तिचे मुख्यालय ग्रीसमधल्या लारिसा शहरात होते आणि तिला फक्त बचावाचीच परवानगी होती. म्हणजे एकाच पाण्यात एक गट हल्ला करत होता, दुसरा गट केवळ ढाल धरून होता आणि भारतासारखा देश दोन्हींपासून वेगळा राहून आपली गस्त घालत होता. वर्तमानपत्रातल्या नकाशावर ही सगळी जहाजे शेजारी शेजारी दिसत असली, तरी तो एक ताफा नव्हता.

न सरावलेला ताफा लढाईत उतरला तर : जावा समुद्र, १९४२

अधिकाराचा प्रश्न कसाबसा सुटला तरी एकत्र लढण्याचा सराव नसेल तर काय होते, याचे सर्वांत कठोर उदाहरण २७ फेब्रुवारी १९४२ च्या जावा समुद्रातील लढाईचे आहे. जपानचा आग्नेय आशियातला झंझावात रोखण्यासाठी अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलिया यांनी जानेवारीत एक संयुक्त कमांड उभी केली होती. तिचे प्रमुखपद, त्याआधी भारतात सरसेनापती असलेल्या जनरल वेव्हेल यांच्याकडे होते. २५ फेब्रुवारीला, म्हणजे लढाईच्या दोनच दिवस आधी, ही कमांड विसर्जित झाली आणि जावाचा बचाव डच अधिकाऱ्यांवर येऊन पडला.

समुद्रावर नेतृत्व होते डच रिअर ॲडमिरल कारेल डोरमन यांचे. त्यांच्याकडे पाच क्रूझर (मोठ्या तोफांच्या युद्धनौका) आणि नऊ विनाशिका (त्यांहून लहान, वेगवान युद्धनौका) होत्या. कागदावर हा ताफा दुबळा म्हणता येणार नाही. मात्र ब्रिटनची ‘एक्झेटर’ आणि ऑस्ट्रेलियाची ‘पर्थ’ या क्रूझर आणि तीन ब्रिटिश विनाशिका सुराबाया बंदरात पोहोचल्या त्या २६ तारखेला, आणि त्याच संध्याकाळी संपूर्ण ताफा शत्रूच्या शोधात बाहेर पडला. या जहाजांनी एकत्र कवायत केलेली नव्हती. चौघांचे मिळून एक संकेतपुस्तक नव्हते. डोरमन यांची आज्ञा ‘डी रॉयटर’ या ध्वजनौकेवर (त्यांच्या स्वतःच्या जहाजावर) असलेला अमेरिकी संपर्क अधिकारी इंग्रजीत करून रेडिओवरून पुढे पाठवत असे. रात्रीच्या लढाईची अपेक्षा असल्यामुळे क्रूझरवरची टेहळणी विमाने किनाऱ्यावरच ठेवलेली होती आणि अमेरिकेच्या ‘ह्यूस्टन’चा मागचा तोफमनोरा आधीच्या बॉम्बहल्ल्यात निकामी झालेला होता.

लढाई दुपारी चारनंतर पेटली. पाचच्या सुमारास ‘एक्झेटर’च्या बॉयलरच्या भागात गोळा घुसला, तिचा वेग एकदम घटला आणि मागून येणाऱ्या जहाजाच्या वाटेतून बाजूला होण्यासाठी ती रांग सोडून वळली. मागच्या जहाजांना वाटले की वळण्याची आज्ञा झाली असून आपल्यालाच ती ऐकू आली नाही, म्हणून तीही वळली, आणि डोरमन यांची ध्वजनौका काही काळ जवळजवळ एकटी पुढे जात राहिली. सरावलेल्या ताफ्यात अशा वेळी शेजारचा कॅप्टन काय करेल याचा अंदाज दुसऱ्याला असतो. इथे कोणालाच कोणाचा अंदाज नव्हता. अमेरिकी विनाशिकांना प्रतिहल्ल्याचा हुकूम मिळाला, मग तो रद्द झाला, मग धुराचा पडदा करण्याचा हुकूम आला, मग माघार झाकण्याचा. त्या रात्री ब्रिटिश विनाशिका ‘ज्युपिटर’ डचांनीच पेरलेल्या सुरुंगावर जाऊन बुडाली. पुढे ‘डी रॉयटर’ आणि ‘जावा’ या दोन्ही डच क्रूझर जपानी पाणतीरांना (टॉर्पेडोंना) बळी पडल्या आणि डोरमन आपल्या जहाजाबरोबर गेले. ‘पर्थ’ आणि ‘ह्यूस्टन’ निसटल्या खऱ्या, पण १ मार्च उजाडण्याआधीच सुंदा सामुद्रधुनीजवळ त्याही बुडाल्या.

“पण जपानी आरमारच वरचढ होते ना?”

हा आक्षेप रास्त आहे. जपानी पाणतीरांचा पल्ला वीस किलोमीटरहून अधिक होता आणि तसे शस्त्र त्या काळी दोस्तांकडे नव्हते. आकाशावरही जपानचा ताबा होता. एकाच देशाचा, एकाच भाषेचा ताफा असता तरी जावा वाचला असता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. माझ्या मते डोरमन यांच्यावर नंतर झालेली टीका त्यामुळेच काहीशी अन्याय्य आहे. आदल्या दिवशी हाती आलेल्या जहाजांना संकेतपुस्तकाशिवाय लढाईत नेण्याची वेळ त्यांच्यावर वरिष्ठांनी आणली होती. तरीही बलाढ्य शत्रूपुढे हरणे वेगळे आणि आपल्याच मित्राच्या सुरुंगावर जहाज गमावणे वेगळे. पहिल्याचे कारण शत्रूचे सामर्थ्य असते, दुसऱ्याचे कारण ताफ्याच्या आतच असते.

शत्रूला ही फट दिसते तेव्हा

मित्रदेशांमधली फट शत्रू हेरतो, याचे उदाहरण शोधायला साताऱ्याच्या लोकांनी फार दूर जाण्याची गरज नाही. इथे आपण फट हेरणाऱ्यांच्या बाजूला होतो. १७२१ च्या अखेरीस मुंबईचे इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज यांनी कान्होजी आंग्रे यांच्या अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर संयुक्त मोहीम काढली. इंग्रजांच्या बाजूने राजाच्या आरमाराचे कमोडोर थॉमस मॅथ्यूज जहाजे घेऊन आले होते आणि पोर्तुगीजांच्या बाजूने खुद्द व्हाइसरॉय मोहिमेत सामील होता. साताऱ्याहून छत्रपती शाहू महाराजांनी कान्होजींच्या मदतीला पिलाजी जाधवरावांना धाडले आणि पाठोपाठ बाजीराव पेशवे स्वतः आले. डिसेंबरमधला हल्ला फसल्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज एकमेकांना दोष देऊ लागले. बाजीरावांनी दोघांशी एकत्र लढत राहण्याऐवजी पोर्तुगीजांशी स्वतंत्र बोलणी लावली, जानेवारी १७२२ मध्ये तह झाला आणि एकटे पडलेले इंग्रज मुंबईला परतले. इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांवर हुकूम चालवणारा एक सेनापती या मोहिमेत कोणी नव्हता, आणि दोघांची उद्दिष्टेही एक नव्हती.

चिन्नाम्पोची रात्र : नेतृत्व जमते तेव्हा

आता उलट बाजू. कोरियन युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली अनेक देशांची आरमारे लढत होती. १९५० च्या डिसेंबरच्या सुरुवातीला चिनी सैन्याच्या रेट्यापुढे प्योंगयांग सोडावे लागले, तेव्हा त्याच्या जवळच्या चिन्नाम्पो बंदरातून सैनिक, जखमी आणि निर्वासित यांना बाहेर काढणारी जहाजे संकटात सापडली. पश्चिम किनाऱ्यावरच्या ताफ्याचे वरिष्ठ ब्रिटिश रिअर ॲडमिरल अँड्र्यूज होते, पण मदतीला निघालेल्या सहा विनाशिकांचे नेतृत्व कॅनडाचे कॅप्टन जेफ्री ब्रॉक यांच्याकडे होते. त्यांत कॅनडाच्या ‘कायुगा’, ‘अथाबास्कन’ आणि ‘सू’, ऑस्ट्रेलियाच्या ‘बटान’ आणि ‘वॉरामुंगा’, तर अमेरिकेची ‘फॉरेस्ट रॉयल’ अशी तीन देशांची जहाजे होती.

बंदराकडे जाणारी ताएडोंग नदीच्या मुखाची वाट अरुंद, उथळ आणि सुरुंगांनी वेढलेली होती. उजाडण्याची वाट पाहिली तर बंदरातल्या जहाजांना उशीर होण्याची भीती होती आणि रात्री शिरले तर सुरुंगाची. ब्रॉक यांनी रात्रीच शिरायचे ठरवले. ४ डिसेंबरच्या रात्री ‘कायुगा’ने रडारच्या आधारे वाट काढली आणि बाकीची जहाजे तिच्या मागे एका रांगेत निघाली. ‘वॉरामुंगा’ गाळात रुतली आणि सुटल्यावर माघारी फिरली. ‘सू’ही तळाला लागली, तिच्या पंख्यात तार अडकली आणि तिलाही परतावे लागले. चार विनाशिका पहाटेपूर्वी बंदराजवळ पोहोचल्या, दिवसभर त्यांनी माणसे चढवणाऱ्या जहाजांना संरक्षण दिले आणि शेवटी तेलाच्या टाक्या आणि बंदराची सामग्री तोफांनी उद्ध्वस्त केली.

या मोहिमेत एक गोष्ट लक्ष देण्यासारखी आहे. सहापैकी दोन जहाजे वाटेत कमी झाली, त्यांतले एक दुसऱ्या देशाचे होते, आणि तरीही गोंधळ झाला नाही. जावा समुद्रात एका जहाजाच्या अनपेक्षित वळणाने रांग मोडली होती. इथे दोन जहाजे गळूनही उरलेली चार पुढे जात राहिली. ही जहाजे काही महिने त्याच किनाऱ्यावर वावरलेली होती, त्यांचे संकेत आणि कवायत जवळपास सारखी होती, आणि एखादे जहाज मागे पडल्यास बाकीच्यांनी काय करायचे हे प्रत्येक कॅप्टनला ठाऊक होते.

१९९१ : कोणाला काय सांगायचे नाही हे ठाऊक असणे

आखाती युद्धात प्रश्न भाषेचा किंवा संकेतांचा कमी आणि परवानगीचा जास्त होता. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर सुरक्षा परिषदेच्या ठराव ६६१ ने व्यापारबंदी लादली आणि ठराव ६६५ ने ती समुद्रावर अमलात आणण्याची मुभा दिली. अनेक देशांनी जहाजे पाठवली ती या नाकेबंदीसाठी. १७ जानेवारी १९९१ रोजी युद्ध पेटले तेव्हा त्यांतल्या प्रत्येकाला थेट लढाईची परवानगी होतीच असे नाही.

या परिस्थितीत कॅनडाचे कॅप्टन डंकन मिलर यांच्याकडे एक वेगळीच जबाबदारी आली. आखातातल्या मित्रदेशांच्या लढाऊ जहाजांना इंधन, दारूगोळा आणि अन्न पुरवणाऱ्या जहाजांचा संयुक्त ताफा आणि त्याचे संरक्षण त्यांनी सांभाळले. अमेरिकी आरमाराच्या रचनेत अशी जबाबदारी मिळालेले ते एकमेव बिगर-अमेरिकी अधिकारी होते. कॅनडाची संपर्कयंत्रणा अमेरिकेशी जुळणारी होती, आणि अमेरिकी ॲडमिरलच्या थेट हुकमाखाली जायला बिचकणाऱ्या देशांना कॅनडाचा कॅप्टन अधिक सोयीचा वाटत होता, असे या नेमणुकीचे कारण सामान्यतः सांगितले जाते.

अशा पदावरच्या माणसाचे पहिले काम म्हणजे प्रत्येक जहाजाची हद्द जाणून घेणे. तुमचे सरकार तुम्हाला उत्तरेला कोठवर जाऊ देते, मालवाहू जहाजाला सोबत देऊ शकता का, दुसऱ्याच्या रक्षणासाठी क्षेपणास्त्र डागू शकता का, हे आधी विचारायचे आणि मग ज्याला जे जमेल तेच त्याच्याकडे मागायचे. कारण दिलेली आज्ञा कॅप्टनने सर्वांसमक्ष नाकारली, तर त्या आज्ञेबरोबर कमांडरचे वजनही जाते, आणि ते परत मिळवायला युद्धात वेळ नसतो. ज्या जहाजाला पुढे जाण्याची परवानगी नाही ते मागच्या पट्ट्यात पहारा देऊ शकते आणि त्यामुळे दुसरे एखादे पुढे जायला मोकळे होते. परवानगीचा हा तुटवडा योजनेत नीट बसवला तर उपयोगी ठरतो.

कधी मात्र पुढे जावेच लागते. १८ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेची ‘प्रिन्स्टन’ ही क्रूझर आखाताच्या उत्तर भागात सुरुंगांच्या स्फोटाने जबर जखमी झाली. तिला ओढून आणायला निघालेल्या जहाजाबरोबर सुरुंगांनी भरलेल्या त्या पाण्यात कॅनडाची ‘अथाबास्कन’ गेली. कोरियात लढलेल्या विनाशिकेचेच नाव या नव्या जहाजाला दिलेले होते. मिलर यांना ते जहाज पाठवता आले याचे एक कारण असे, की त्यासाठी त्यांना परक्या सरकारची परवानगी मागावी लागत नव्हती. ते त्यांच्याच देशाचे होते.

“आज उपग्रह आणि संगणक आहेत, मग अडचण कसली?”

संपर्काची साधने सुधारली हे खरे. ताफ्यातल्या जहाजांच्या पडद्यांवर आता एकच चित्र क्षणार्धात उमटू शकते. पण ते चित्र फक्त त्याच जाळ्यात असलेल्यांना दिसते. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस युरोपीय मोहिमेतल्या ‘हेसेन’ या जर्मन फ्रिगेटने (युद्धनौकेने) तांबड्या समुद्रावर एक अनोळखी ड्रोन पाहिले. आसपासच्या मित्रदेशांकडे चौकशी केली, पण कोणीही ते आपले असल्याचे सांगितले नाही. तेव्हा ‘हेसेन’ने त्यावर दोन क्षेपणास्त्रे डागली. ते ड्रोन अमेरिकेचे निघाले. युरोपीय मोहिमेच्या चौकटीबाहेरच्या दुसऱ्या कामावर ते होते. दोन्ही क्षेपणास्त्रे तांत्रिक दोषामुळे लक्ष्यावर पोहोचली नाहीत, म्हणून ते वाचले. उपकरणे होती, विचारणाही झाली होती. कमी पडली ती दोन मोहिमांना जोडणारी एक व्यवस्था.

भारतीय युद्धनौकेने कोणाचे ऐकायचे?

भारताने दीर्घकाळ संयुक्त राष्ट्रांचा झेंडा नसलेल्या लष्करी आघाड्यांपासून अंतर राखले आहे. तांबड्या समुद्राच्या संकटातही आपली जहाजे स्वतंत्र होती आणि त्याचा फायदा दिसला. जानेवारी २०२४ मध्ये ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजाला हौथींचे क्षेपणास्त्र लागून आग लागली, तेव्हा ‘आयएनएस विशाखापट्टणम’ मदतीला गेली. मार्चमध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ हे बळकावलेले जहाज सोडवून ३५ चाचे पकडले. यासाठी कोणत्याही परदेशी मुख्यालयाचा कौल घ्यावा लागला नाही.

त्याच वेळी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, बहरीनमध्ये मुख्यालय असलेल्या ‘कम्बाइंड मेरिटाइम फोर्सेस’ या बहुराष्ट्रीय गटाचे पूर्ण सदस्यत्व भारताने घेतले. एप्रिल २०२४ मध्ये ‘आयएनएस तलवार’ने अरबी समुद्रात ९४० किलो अमली पदार्थ पकडले ते या गटाच्या कॅनडाच्या नेतृत्वाखालील पथकाचा भाग म्हणून. पाकिस्तानही याच गटाचा जुना सदस्य आहे आणि त्याच्या अधिकाऱ्यांनी या गटातल्या पथकांचे नेतृत्व अनेकदा केले आहे, त्यामुळे उद्या भारतीय कॅप्टनला पाकिस्तानी कमोडोरचा हुकूम मानावा लागेल का, हा प्रश्न विचारला जाणारच. गटाची रचनाच त्याचे उत्तर देते. पथकाचे नेतृत्व ठरावीक महिन्यांनी एका देशाकडून दुसऱ्याकडे जाते, सहभाग ऐच्छिक असतो आणि कोणत्याही सदस्याला नको असलेले काम करण्याचे बंधन नसते. कोणत्या पथकाला, किती दिवस आणि कोणत्या कामासाठी जहाज द्यायचे हे दिल्लीत ठरते. दिलेले जहाज काढून घ्यायचे असेल तर ते आपल्या स्वतंत्र गस्तीवर परत जाते आणि त्यासाठी बहरीनची परवानगी लागत नाही.